बाटलीवर ९९ टक्के लिहिलंय, मग उरलेला १ टक्का कोण? रोपांच्या प्रयोगाआधी रिएजंट तपासायची पद्धत

मायनस फॉस्फेट प्लेटवर (म्हणजे फॉस्फेट मुद्दाम न घातलेल्या मीडियावर) रोपं छान हिरवी, मुख्य मूळ लांबलचक, ना जांभळट झाक ना मुळांवर केसांचं जंगल, आणि आपण म्हणतो अरे वा हा म्युटंट (जीन बदललेलं रोप) तर फॉस्फेटशिवाय पण जगतो! मग शेजारची कंट्रोल (न बदललेली) रोपं बघतो तर तीही तशीच. म्हणजे प्लेटमध्ये फॉस्फेट आहे. आपण टाकलं नव्हतं, पण आहे.

माझं हे झालंय. प्रयोग अर्ध्यावर असताना अगारचा (प्लेट गोठवणाऱ्या पावडरीचा) डबा संपला, तेच लेबल असलेला नवा डबा उघडला, फक्त लॉट (कारखान्यातली बॅच) वेगळा होता, आणि पुढचे दोन महिने मी जीनमध्ये उत्तर शोधत बसलो. चूक पुरवठादाराची म्हणता येणार नाही, त्यांनी कुठेही लिहिलं नव्हतं की अगारमध्ये फॉस्फेट नाही. मी विचारलंच नव्हतं.

रिएजंटमधल्या (प्रयोगात वापरायच्या केमिकलमधल्या) इम्प्युरिटीबद्दल (नको असलेल्या भेसळीबद्दल) बहुतेक जण रिझल्ट विचित्र आल्यावर विचार करतात, म्हणजे वरातीमागून घोडं. खाली जो क्रम दिलाय तो त्याच क्रमाने करा, कारण पहिली पायरी सोडून थेट महागडी बाटली मागवली तर पैसेही जातात आणि प्रॉब्लेमही तिथेच राहतो.

## १. आधी तुमच्या प्रयोगातलं 'शून्य' ठरवा

कागद घ्या आणि एका ओळीत लिहा: माझ्या प्रयोगात कोणती गोष्ट अजिबात नको आहे, आणि किती असली तरी चालेल?

हा आकडा प्रत्येक प्रयोगाला वेगळा असतो. आयर्नच्या कमतरतेवर काम असेल तर मीडियातलं १ मायक्रोमोलर आयर्न पण खूप झालं. तुम्ही फक्त ट्रान्सजेनिक रोपं सिलेक्ट करायला एमएस (मुराशिगे-स्कूग, रोपांचा नेहमीचा पूर्ण मीडिया) प्लेट ओतताय, तर तिथे आधीच १०० मायक्रोमोलर आयर्न आहे, वरचं १ मायक्रोमोलर कोणाला कळणार पण नाही. मग एकच बाटली पहिल्यासाठी घाण आणि दुसऱ्यासाठी एकदम स्वच्छ. म्हणून 'हे केमिकल शुद्ध आहे का' या प्रश्नाला तसा काही अर्थ नाही, 'माझ्या प्रयोगासाठी पुरेसं शुद्ध आहे का' असं विचारा.

हॉर्मोनचा प्रयोग असेल तर 'शून्य' म्हणजे तो दुसरा रेणू जो हाच परिणाम देऊ शकतो. उदाहरणार्थ तुम्ही ऑक्सिन या वाढीच्या हॉर्मोनच्या प्रिकर्सरवर (ज्यापासून ते बनतं त्या रेणूवर) काम करताय, तर तुमचा शत्रू म्हणजे त्याच बाटलीत असलेलं तयार ऑक्सिन.

तपासा: हा आकडा मायक्रोमोलर किंवा नॅनोमोलरमध्ये लिहिलाय ना? 'कमीत कमी' असं लिहिलं असेल तर ते खोडा आणि आकडा टाका.

## २. लेबल आणि सीओए नीट वाचा

सीओए म्हणजे सर्टिफिकेट ऑफ अॅनालिसिस, ते त्या लॉटचं असतं. स्पेसिफिकेशन शीट वेगळं, त्यात फक्त मर्यादा असते की यापेक्षा जास्त नसेल. आणि सेफ्टी डेटा शीट हे तर तिसरंच प्रकरण, त्याचा शुद्धतेशी संबंध नाही, तरी लोक तेच डाउनलोड करून फाइलला लावतात. बाटलीवरचा लॉट नंबर टाकून सीओए काढा, बाटली उघडायच्या आधी.

वाचताना लोक जिथे फसतात त्या जागा:

'९९.९९९ टक्के, ट्रेस मेटल्स बेसिस' याचा अर्थ फक्त धातू मोजून १०० मधून वजा केलेत. पाणी, सेंद्रिय कचरा, क्लोराइड, नायट्रेट, फॉस्फेट यात धरलेले नाहीत. धातूंवर काम असेल तर ही बाटली सोन्यासारखी, पण फॉस्फेटवर काम असेल तर हा आकडा तुम्हाला काहीच सांगत नाही.

'हेवी मेटल्स, लेड म्हणून, ५ पीपीएमपेक्षा कमी' (पीपीएम म्हणजे ग्रॅममागे मायक्रोग्रॅम) ही जुन्या पद्धतीची एकत्र टेस्ट असते. कोणता धातू किती ते यातून कळत नाही.

एआर, एलआर, एचपीएलसी ग्रेड ही नावं कामाप्रमाणे पडलीत. एचपीएलसी ग्रेड सॉल्व्हंट म्हणजे मुख्यतः यूव्हीमध्ये स्वच्छ, धातूंची हमी त्यात असेलच असं नाही. 'प्लँट सेल कल्चर टेस्टेड' म्हणजे कुठल्या तरी कल्चरवर लावून बघितलंय आणि ते मेलं नाही, एवढंच. उपयोगी आहे पण तुमची टेस्ट ती नाही.

हायड्रेट बघा. ही इम्प्युरिटी नाही पण घोळ तितकाच मोठा. कॉपर सल्फेट बिनपाण्याचं १५९.६ आणि पाच पाण्याचं २४९.७, रेसिपी एकाची आणि बाटली दुसऱ्याची असली की दीडपट फरक पडतो. कॅल्शियम क्लोराइड तर हवेतलं पाणी ओढत राहतं, बिनपाण्याचं म्हणून घेतलेलं जुनं डबकं नेमकं काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही. ते फेकता येत नसेल तर स्टॉक बनवून ईडीटीए टायट्रेशनने कॅल्शियम मोजून घ्या.

शेवटचं म्हणजे कोणासोबत कोण येतं ते लक्षात ठेवा, कारण रासायनिक भावंडं सहज वेगळी होत नाहीत. पोटॅशियमच्या क्षारात सोडियम, कॅल्शियमच्या क्षारात स्ट्रॉन्शियम आणि मॅग्नेशियम, झिंकमध्ये कॅडमियम, फॉस्फेटमध्ये आर्सेनिक, फॉस्फाइटमध्ये फॉस्फेट. सीओएवर आधी हेच शोधा.

सावधान: सीओएवर एखाद्या गोष्टीचं नाव नाही याचा अर्थ ती नाही असा होत नाही, ती मोजलेली नाही असा होतो.

## ३. पीपीएमचं मायक्रोमोलर करा

हे गणित दोन मिनिटांचं आहे आणि तरी कोणी करत नाही. सूत्र एवढंच:

मायक्रोमोलर = (मीडियात त्या पदार्थाचे ग्रॅम प्रति लिटर × इम्प्युरिटी पीपीएममध्ये) ÷ इम्प्युरिटीचा अणुभार

समजा अगार ८ ग्रॅम प्रति लिटर आणि त्यात आयर्न १० पीपीएम. ८ गुणिले १० म्हणजे ८० मायक्रोग्रॅम, भागिले ५५.८५, आलं १.४३ मायक्रोमोलर. 'आयर्न नसलेली' प्लेट इथेच संपली. समजा त्याच अगारमध्ये फॉस्फरस १०० पीपीएम, तर ८०० भागिले ३०.९७, म्हणजे जवळपास २६ मायक्रोमोलर. लो-फॉस्फेट मीडिया लोक साधारण १० मायक्रोमोलर किंवा त्याहून खाली ठेवतात, म्हणजे इथे इम्प्युरिटीच टाकलेल्या डोसपेक्षा मोठी.

आता सूक्ष्म घटकांकडे या. एमएस मीडियात कॉपर ०.१ मायक्रोमोलर असतं, म्हणजे लिटरला फक्त ६.४ मायक्रोग्रॅम. मोठे पाच क्षार मिळून (पोटॅशियम नायट्रेट १.९, अमोनियम नायट्रेट १.६५, कॅल्शियम क्लोराइड ०.४४, मॅग्नेशियम सल्फेट ०.३७, पोटॅशियम फॉस्फेट ०.१७) साडेचार ग्रॅम होतात. या सगळ्यांत कॉपर समजा फक्त २ पीपीएम आहे, तरी झालं ९ मायक्रोग्रॅम, टाकलेल्यापेक्षा जास्त! म्हणून कॉपर, निकेल, मॉलिब्डेनमवर काम करणाऱ्यांनी आधी मोठे क्षार शुद्ध घ्यावेत. लोक उलट करतात, कॉपर सल्फेट महागातलं घेतात जे लिटरला ०.०२५ मिलिग्रॅम पडतं, आणि पोटॅशियम नायट्रेट कपाटातलं जुनं. निकेल रोपांना लागतं हे मान्य व्हायला १९८७ उजाडलं, कारण बाकीच्या क्षारांतून आणि बियांमधून येणारं निकेलच पुरेसं होतं, ते काढल्याशिवाय कमतरता दिसेचना.

आणि साखर! ३० ग्रॅम प्रति लिटर सुक्रोज म्हणजे मीडियातला सगळ्यात जड घटक, आणि तिचं सीओए कोणी बघत नाही. तिच्यात ०.२ पीपीएम कॉपर असलं की ६ मायक्रोग्रॅम झालं.

सेंद्रिय रेणूंचं गणित याहून सोपं. १० मायक्रोमोलर कंपाउंड दिलं, त्यात १ टक्का दुसरा रेणू साधारण तेवढ्याच वजनाचा, म्हणजे तो १०० नॅनोमोलर. तो जर २,४-डी (सिंथेटिक ऑक्सिन) असेल तर प्रयोगशाळेतलं नेहमीचं छोटं रोप, अॅराबिडॉप्सिसचं मूळ थांबवायला काही दहा नॅनोमोलर पुरतात. ९९ टक्के शुद्ध असूनही अख्खा परिणाम त्या १ टक्क्याचा असू शकतो, हे अक्षरशः मुळावर येतं.

तपासा: प्रत्येक घटकाची बेरीज करून पहिल्या पायरीतल्या आकड्याशी ताडून बघा. बेरीज त्या आकड्याच्या दहाव्या भागाच्या खाली असेल तर निवांत पुढे जा. तिथेच घुटमळत असेल तर पाचवी आणि आठवी पायरी टाळू नका.

## ४. पाणी आणि भांडी, आधी ही, मग बाटल्या

पाण्याच्या मशीनवर १८.२ मेगाओम दिसलं की आपण खूश. तो आकडा फक्त आयन सांगतो. सेंद्रिय कचऱ्यासाठी टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) बघावं लागतं, आणि बोरॉनचं तर वेगळंच आहे, तो साध्या पीएचला बोरिक अॅसिड म्हणून जवळपास आयन न होता फिरतो, त्यामुळे रेझिन संपत आलं की बोरॉन आणि सिलिका आधी निसटतात आणि मीटर मात्र हलत नाही. बोरॉन किंवा सिलिकॉनवर काम असेल तर कार्ट्रिज वेळेआधी बदला. पाणी कॅनमध्ये भरून आठवडाभर ठेवू नका, ते हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि कॅनमधलं जे काही असेल ते ओढतं. लागेल तेव्हा काढा, पहिलं लिटरभर सोडून द्या.

भांड्यांसाठी क्रम असा:

१. ज्या डिटर्जंटमध्ये फॉस्फेट आहे तो फॉस्फेटच्या कामासाठी बंद. लेबल वाचा, नाहीतर डिटर्जंटच सोडा.
२. १० टक्के अॅसिडमध्ये रात्रभर बुडवा. नायट्रोजनचा प्रयोग असेल तर हायड्रोक्लोरिक घ्या, क्लोराइडचा असेल तर नायट्रिक. उलट केलं तर जे काढायचं तेच लावून ठेवाल.
३. अल्ट्राप्युअर पाण्याने पाच-सहा वेळा खंगाळा, शेवटच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी बघा.
४. उलटं ठेवून वाळवा, पेपर टॉवेलने पुसू नका.

अॅसिड नेहमी पाण्यात घाला, पाणी अॅसिडमध्ये नाही, ग्लोव्ह्ज आणि चष्मा घालून, हूडमध्ये. माहीत असतं सगळ्यांना, तरी लिहितोय.

बोरोसिलिकेट काच बोरॉन सोडते, त्यामुळे बोरॉनच्या प्रयोगात पॉलिप्रोपिलीनची भांडी. रबराची बुचं आणि सिरिंजच्या दट्ट्याचं रबर झिंक सोडतात कारण रबर बनवताना झिंक ऑक्साइड घालतात. मऊ पारदर्शक पीव्हीसी नळीतून फ्थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी द्रव्यं) निघतात, त्यातले काही रोपांना चक्क विषारी आहेत, आणि मास स्पेक्ट्रममध्ये १४९ ला उंच पीक दिसलं की बहुतेक तेच असतं. हायड्रोपोनिक्समध्ये हवा सोडायची नळी ही सगळ्यात विसरलेली जागा, ती सिलिकॉनची घ्या.

पीएच इलेक्ट्रोड विसरू नका. त्यात ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड असतं आणि ते हळूहळू गळतच असतं, तोच त्याचा धर्म. पोटॅशियम किंवा क्लोराइडच्या कमतरतेचा मीडिया असेल तर इलेक्ट्रोड मुख्य बाटलीत बुडवायचा नाही, थोडा मीडिया बाजूला काढून त्यात पीएच बघायचा आणि तो फेकून द्यायचा.

## ५. अगार, इथे जास्त वेळ द्या

अगार लाल समुद्री शेवाळातून येतं, त्यामुळे सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेट, बोरॉन हे सगळं घेऊन येतं, आणि दर लॉटला वेगळं. गेलन गमला (अगारऐवजी वापरतात तो) तर गोठायलाच कॅल्शियम-मॅग्नेशियमसारखे आयन लागतात, म्हणजे कॅल्शियमच्या कमतरतेसाठी तो घेऊच नका. अगारोज बरंच स्वच्छ पण खिशाला जड. माझं मत विचाराल तर पोषणाच्या कमतरतेचा प्रयोग शक्यतो हायड्रोपोनिक्समध्येच करा, आणि प्लेट लागतच असतील तर अगार धुऊन घ्या.

धुवायची पद्धत:

१. २०-२५ ग्रॅम अगार १ लिटर अल्ट्राप्युअर पाण्यात, गार पाणी, अर्धा ते एक तास हळू ढवळा.
२. खाली बसू द्या, वरचं पाणी ओता. पाण्याचा थोडा नमुना ठेवून कंडक्टिव्हिटी मोजा.
३. हे तीन ते पाच वेळा, जोवर कंडक्टिव्हिटी उतरायची थांबत नाही तोवर. 'तीनदा धुतलं' हा निकष नाही, आकडा स्थिर झाला हा निकष आहे.
४. शेवटी इथेनॉलने एकदा-दोनदा, म्हणजे पाणी निघतं आणि लगदा मोकळा होतो.
५. हूडमध्ये पसरून इथेनॉल पूर्ण उडू द्या, मगच कोमट ओव्हनमध्ये. ओला इथेनॉलचा लगदा थेट ओव्हनमध्ये ठेवला तर आगीला आमंत्रण.

धुतलेलं अगार वेगळं गोठतं, थोडं मऊ होऊ शकतं, म्हणून प्लेट ओतण्याआधी ५० मिलीची एक चाचणी करा. आणि कंट्रोल प्लेटसाठी पण धुतलेलंच अगार वापरा. मायनस प्लेट धुतलेल्या अगारची आणि प्लस प्लेट डब्यातल्या अगारची, ही चूक मी रिव्ह्यू करताना इतक्या वेळा बघितलीय की आता तिचंच पहिलं विचारतो.

धुऊनही अगारमध्ये थोडं आयर्न राहतं, म्हणून आयर्नच्या प्लेटमध्ये फेरोझिन घालायची रीत आहे, १०० ते ३०० मायक्रोमोलर, ते उरलेलं फेरस आयर्न बांधून ठेवतं. पण मग तुम्ही आयर्न काढलं नाहीये, लपवलंय, हे मेथड्समध्ये स्पष्ट लिहा.

धातू पकडणाऱ्या चेलेक्स रेझिनने मीडिया साफ करणारे पण आहेत. चालतं, फक्त ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पण ओढतं आणि बदल्यात सोडियम सोडतं, पीएच हलतो. साफ करून झाल्यावर कॅल्शियम-मॅग्नेशियम शुद्ध स्टॉकमधून परत घालायचे आणि पीएच पुन्हा बसवायचा.

## ६. आपणच तयार केलेल्या इम्प्युरिटी

बाटली शुद्ध, पाणी शुद्ध, आणि मग आपण ते १२१ अंशांवर शिजवतो. तिथे काय होतं बघा.

सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात आणि थोडं हायड्रॉक्सीमिथाइल फरफ्युराल पण, मीडिया पिवळसर दिसतो तो त्यातूनच. जास्त वेळ शिजवलं की जास्त. एक लिटरच्या बाटलीला आणि १०० मिलीच्या बाटलीला एकच सायकल लावलं की दोन वेगळे मीडिया मिळतात. अगार आणि फॉस्फेट एकत्र ऑटोक्लेव्ह केले की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, म्हणून ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसवर काम असेल तर दोन्ही वेगळे शिजवून कोमट झाल्यावर मिसळा. ऑटोक्लेव्हला वाफ सेंट्रल बॉयलरकडून येत असेल तर त्या वाफेत गंज लागू नये म्हणून घातलेले अमाइन असू शकतात, झाकणं सैल असतात तेव्हा ते आत जातात, एकदा विचारून घ्या.

उजेड हा दुसरा. आयर्न-ईडीटीए उजेडात, विशेषतः निळ्या उजेडात, तुटतं आणि फॉर्मल्डिहाइड तयार होतं जे मुळांची वाढ रोखतं. स्टॉक गडद बाटलीत, ओतलेल्या प्लेट्स अंधारात. आयएए (रोपातलं नैसर्गिक ऑक्सिन) असलेल्या प्लेट उघड्या दिव्याखाली ठेवल्या तर एमएस क्षारांच्या सोबत आयएए भराभर संपतो, त्यावर पिवळा फिल्टर लावा.

प्लेट ओतायचा क्रम म्हणून असा ठेवा: मोठे क्षार, बफर, पीएच, अगार, ऑटोक्लेव्ह, साधारण ५५ अंशांपर्यंत गार, मग फिल्टर केलेले हॉर्मोन आणि अँटिबायोटिक, लगेच ओतणं, लगेच अंधार. सिरिंज फिल्टरचे पहिले एक-दोन मिली फेका, फिल्टरवरचं ओलं करणारं द्रव्य त्यात उतरतं. डीएमएसओ या सॉल्व्हंटमधला स्टॉक असेल तर पीटीएफई फिल्टर, सेल्युलोज अॅसिटेट विरघळतो आणि तोच तुमच्या प्लेटमध्ये जातो.

सावधान: गंधकाच्या कमतरतेच्या मीडियात एमईएस बफर घालणारे अजून भेटतात. त्याच्या रेणूतच गंधक आहे. कानामायसिन पण सल्फेट म्हणून मिळतं. पीएच बसवायला पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरलं तर मीडियात पोटॅशियम आलं, हे वेगळं सांगायला नको.

## ७. हॉर्मोन आणि छोटे रेणू

इथे इम्प्युरिटी म्हणजे फक्त दुसरं केमिकल नाही, कधी कधी तोच रेणू आरशातल्यासारखा उलटा. साधं सिंथेटिक एबीए (अॅब्सिसिक अॅसिड हे हॉर्मोन) हे दोन हातांचं, डाव्या आणि उजव्या, मिश्रण असतं, निसर्गातलं फक्त एक हाताचं. दुसरा अर्धा भाग पूर्ण निष्क्रिय नाही, म्हणून 'डोस दुप्पट केला की झालं' असं चालत नाही. शिवाय यूव्ही उजेडात एबीएचा ट्रान्स प्रकार होतो जो काम करत नाही.

जीआर२४ चं (स्ट्रिगोलॅक्टोन हॉर्मोनच्या सिंथेटिक रूपाचं) तर याहून अवघड. रेसिमिक (दोन्ही हात सारख्या प्रमाणात असलेल्या) जीआर२४ मधला एक हात स्ट्रिगोलॅक्टोनच्या डी१४ रिसेप्टरकडे जातो आणि दुसरा केएआय२ कडे, जो कॅरिकिनचा (धुरातल्या रेणूंचा) रस्ता आहे. रेसिमिक देऊन 'स्ट्रिगोलॅक्टोनचा परिणाम' लिहिलं तर दोन गोष्टींचं मिश्रण लिहिलंय. एका हाताचं शुद्ध घ्या, किंवा दोन्ही म्युटंट सोबत लावा.

ट्रान्स-झीटिनमध्ये सिस-झीटिन, जीए४ मध्ये जीए७, हे नेहमीचे सोबती. इंडोल-३-पायरुविक अॅसिड पाण्यात आपोआप मोडतं आणि त्यातून आयएए निघतो, म्हणजे कालचा स्टॉक आज वेगळं केमिकल आहे. कार्बेनिसिलिनचं उदाहरण तर गमतीचं आहे, अॅग्रोबॅक्टेरियम मारायला घालतात, ते मोडून फिनाइलअॅसेटिक अॅसिड देतं जे स्वतः ऑक्सिन आहे, आणि कॅलस का येतोय म्हणून लोक हॉर्मोनचा डोस बदलत बसतात.

सॉल्व्हंटकडे या. अंतिम प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत ठेवा आणि सगळ्या प्लेटमध्ये सारखंच, म्हणजे कमी डोसच्या प्लेटला पण तेवढंच सॉल्व्हंट. इथेनॉल डिनेचर्ड नको. सॉल्व्हंट कंट्रोलसाठी त्याच बाटलीतलं सॉल्व्हंट घ्या ज्यात स्टॉक बनवला, नवी बाटली फोडली तर तो कंट्रोल राहिला नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइड वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी बघा. एक, बाटलीत स्टॅबिलायझर असतो, बऱ्याचदा स्टॅनेट किंवा फॉस्फेट, फॉस्फरस मोजण्यासाठी पानं डायजेस्ट करताना (अॅसिडमध्ये विरघळवताना) हा फॉस्फेट तुमच्या रीडिंगमध्ये येतो. दोन, ताकद कमी होत जाते, २४० नॅनोमीटरला मोजा, १० मिलिमोलरला ०.४३६ च्या आसपास यायला हवं. ट्वीन-२० पण जुनं झालं की त्यात पेरॉक्साइड साठतं, आणि दुष्काळी स्ट्रेससाठीचं पीईजी धातू आणि अल्डिहाइड सोबत आणतं, दोन्ही छोट्या बाटल्यांत घ्या आणि उघडल्याची तारीख टाका.

## ८. ब्लँक आणि लॉट टेस्ट

नवा लॉट आला की जुना संपायच्या आत टेस्ट. जुना संपल्यावर तुलना कशाशी करणार?

१. जुना लॉट आणि नवा लॉट, बाकी सगळं एकसारखं, एकाच दिवशी.
२. तुमचा सगळ्यात संवेदनशील मीडिया निवडा. एमएसवर टेस्ट करून काही कळत नाही, मायनस मीडियावर करा.
३. प्रत्येक लॉटचा मीडिया तीन वेळा वेगवेगळा बनवा. एकाच बाटलीतून ओतलेल्या दहा प्लेट म्हणजे दहा रेप्लिकेट नव्हेत, ती एकच बाटली आहे.
४. मुळाची लांबी मोजा, पाच ते सात दिवसांनी. सोपं, स्वस्त, आणि मूळ बहुतेक गोष्टींना पानांच्या आधी ओरडतं.
५. शंका असेल तरच मशीनकडे: धातूंसाठी आयसीपी-एमएस, फॉस्फेटसाठी मॉलिब्डेनम ब्लू, सेंद्रिय रेणूंसाठी एलसी-एमएस. अगार न घालता फक्त अॅसिड तसंच डायजेस्ट करून केलेला ब्लँक सोबत पाठवा, नाहीतर मशीनचा आकडा अगारचा की डायजेशनच्या अॅसिडचा हे कळणार नाही.

हॉर्मोनसाठी सगळ्यात चांगली टेस्ट मशीन नाही, म्युटंट आहे. रिसेप्टर नसलेल्या रोपाला कंपाउंड द्या. तेही तेवढाच प्रतिसाद देत असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय. एकतर दुसरा रिसेप्टर आहे किंवा बाटलीत दुसरा रेणू, आणि पहिल्यावर पेपर लिहिण्याआधी दुसरं खोडून काढा: वेगळ्या पुरवठादाराचं तेच कंपाउंड घ्या आणि दोघांचा डोस कर्व्ह एकावर एक ठेवा. काम खऱ्या रेणूचं असेल तर दोन्ही कर्व्ह जुळतात. इम्प्युरिटीचं असेल तर बहुतेक सरकतात, कारण दोन कारखान्यांचा कचरा सहसा सारख्या प्रमाणात नसतो. एकाच कारखान्याचा माल दोन लेबलांनी येऊ शकतो, म्हणून कोण बनवतं हेही विचारा.

## ९. गडबड झालीच तर शोधायचा क्रम

सगळं एकदम बदलू नका. सगळं नवं मागवलं, प्रयोग जमला, आणि कारण मात्र कधीच कळलं नाही, असं होतं.

आधी पाणी बदला, कारण ते फुकट आहे आणि सगळ्यात असतं. मग फक्त सॉल्व्हंटची प्लेट. मग घटकांचे दोन गट करा, अर्धे जुन्या लॉटचे अर्धे नव्या, ज्या गटात परिणाम दिसला तो पुन्हा अर्धा करा. बारा घटक असतील तर चार फेऱ्यांत दोषी सापडतो. सापडला की उलटी परीक्षा घ्या: चांगल्या मीडियात तो संशयित थोडा थोडा वाढवत घाला आणि परिणाम पण वाढतो का बघा. नुसतं काढल्यावर बरं वाटणं हा अर्धाच पुरावा आहे.

## १०. नोंद

प्रत्येक प्लेटच्या बॅचसमोर कॅटलॉग नंबर, लॉट नंबर, हायड्रेट, उघडल्याची तारीख आणि पाण्याच्या मशीनचं रीडिंग. लॉट संपत आला की ५ ग्रॅम छोट्या बाटलीत काढून ठेवा, लेबल लावून. पेपरच्या मेथड्समध्ये 'अगार ०.८ टक्के' एवढंच लिहू नका, कोणतं आणि धुतलं की नाही तेही लिहा, कारण दुसरा कोणीतरी तुमचा प्रयोग करून बघेल आणि त्याच्या डब्यात फॉस्फेट असेल.